गुलाबी फार्म, पांढरा फार्म

मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडरही नव्हतो. तरी सत्तरच्या दशकातली सात-आठ वर्षं, आमच्या भागातला एखादा निवृत्त शिक्षक आजारी पडला तर त्याने कोणत्या दवाखान्यात जायचं, हे बऱ्याच अंशी वाशीमच्या एका खोलीतल्या माझ्या टेबलावर ठरत असे. या कामाविषयी कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. त्यात लिहिण्यासारखं काही आहे, असं मलाही पुष्कळ दिवस वाटलं नव्हतं.

काम काय होतं ते आधी सांगतो. प्राथमिक शिक्षकांच्या एका पतसंस्थेत मी लेखनिक होतो. वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता, अकोल्याचाच भाग होता. शिक्षक नोकरीत असेपर्यंत दवाखान्याच्या बिलाचे काही पैसे त्याला अर्ज-विनंत्या करून मिळत. निवृत्त झाला की ती सोय बंद. म्हणजे गुडघे कुरकुरू लागायचे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायचा, आणि नेमकं त्याच वेळी माणूस स्वतःच्या भरवशावर. सरकारी दवाखान्यात खाट फुकट मिळे. पण औषधं बाहेरून आणावी लागत आणि तिथे ऑपरेशन करून घ्यायला लोक भीत. आजच्यासारखे आरोग्यविम्याचे एजंट तेव्हा दारोदार फिरत नव्हते. म्हणून आमच्या संचालकांनी मोठ्या दुष्काळानंतर स्वतःचीच एक योजना काढली. सभासदाने निवृत्त होताना नाव घालायचं, दरवर्षी वर्गणी भरायची, आणि नवरा-बायकोपैकी कोणी दवाखान्यात भरती झालं तर संस्थेने मदत करायची.

योजनेचे प्रकार दोन होते. एकाचा अर्ज गुलाबी कागदावर छापलेला, दुसऱ्याचा पांढऱ्यावर, म्हणून सगळे त्यांना गुलाबी फार्म आणि पांढरा फार्म म्हणत. गुलाबीची वर्गणी जास्त, पण ऑपरेशन, औषध, खाटेचं भाडं असं जवळजवळ सगळं बिल संस्था भरायची. अट एकच, दवाखाना संस्थेच्या यादीतला हवा. यादीतले दवाखाने आपल्याच जिल्ह्यातले आणि बहुतेक अकोला शहरातले होते. पांढऱ्याची वर्गणी निम्मी. तो घेतला की कुठल्याही गावच्या कुठल्याही दवाखान्यात जा, भरती असाल तितक्या दिवसांची ठरलेली रक्कम मिळणार. मग बिल कितीही येवो. आणि एकदा सही केली की फार्म बदलता येत नसे.

जून संपला की माझ्या टेबलापुढे गर्दी व्हायची. जुन्या पिढीतल्या निम्म्याअधिक शिक्षकांची जन्मतारीख एक जुलै. खरी तारीख घरी कोणालाच ठाऊक नसायची, त्यामुळे शाळेत नाव घालताना मास्तर एक जुलै लिहून मोकळे होत. ज्यांनी जन्मभर अख्ख्या गावाला एक जुलै वाटली, त्यांना त्यांच्या मास्तरांनीही तीच दिलेली असे. माझीसुद्धा तीच आहे. त्यामुळे तीस जूनला सगळे एकदम निवृत्त व्हायचे आणि निरोपाच्या शाली घड्या घालून ठेवल्या की माझ्याकडे यायचे.

फार्मवर पत्नीच्या वयाचा रकाना होता. तिथे भल्याभल्यांचं पेन थांबायचं. "माह्याहून पाच कमी लिहा," असं बहुतेक जण सांगत. एका गुरुजींनी सांगितलेलं वय धरलं तर त्यांची बायको थोरल्या मुलाहून जेमतेम सात वर्षांनी मोठी होत होती. मी ते दाखवून दिलं तर म्हणाले, "मंग तुमीच सांगा ना बाप्पा, किती वयाची करू तिले?" एका मुख्याध्यापिकाबाईंनी अमावास्या टळेपर्यंत सही केली नाही, आजारपणाच्या कागदावर नाव घातलं की आजारपण घर शोधत येतं, अशी त्यांची समजूत. आणि एक जण मला विचारत होते, "बिमार नाई पडलो तं पैसे वापस भेटतीन का?" मी नाही म्हणालो. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मंग तं पडाच लागन."

हे सगळं हसण्यावारी न्यायचं नव्हतं, कारण माणसं खरोखर गोंधळलेली असत. चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेले लोक दोन कागदांपुढे हतबल होऊन बसत. मी मग एका पाठकोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारायचो. डावीकडे गुलाबी, उजवीकडे पांढरा. मोतीबिंदू झाला तर इकडे काय मिळेल, तिकडे काय. हर्निया झाला तर. बाईंच्या पोटाचं ऑपरेशन निघालं तर. कागद खालपर्यंत भरला की मी तो त्यांच्याकडे फिरवायचो. संचालकांनी मला हे काम सांगितलेलं नव्हतं. मी ते आपणहून करत होतो आणि चांगलं करत होतो, अशी माझी खात्री होती.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी किन्हीराजाचा. छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी वर्गात आमची जागा दाराशी असे आणि शाळेच्या माठाला आम्ही हात लावायचा नसे. कोणी वरून ओतलं तर ओंजळीने प्यायचं, नाही ओतलं तर घरी जाईपर्यंत थांबायचं. पुढे मी मॅट्रिक झालो, नोकरीला लागलो. आणि वीस वर्षांनी, मला दाराशी बसवणाऱ्या पिढीतले गुरुजी माझ्यासमोर बसून म्हणत, "वानखडेबाबू, आमाले काई समजत नाई. तुमी म्हणान तिथं सही करतो." ते ऐकायला मला फार आवडायचं. त्या शब्दांसाठी मी जेवणाची सुट्टी सोडून बसायचो. उगाच नम्रपणाचा आव आणून हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दोन वर्षांत बहुतेकांनी स्वस्त म्हणून पांढरा घेतला. मग जऊळक्याच्या इंगोले गुरुजींचं प्रकरण झालं. त्यांनी माझ्या सांगण्यावरून गुलाबी घेतला होता. त्यांच्या मूत्रपिंडात खडा निघाला आणि अकोल्याला मोठं ऑपरेशन झालं. जऊळक्याला रेल्वेचं स्टेशन. सकाळी गाडीत बसले की थेट अकोला. सगळं बिल संस्थेने दिलं. बरे झाल्यावर गुरुजी वाशीमला आले आणि चहाच्या टपरीपासून पंचायतीच्या कचेरीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले, की वानखडेबाबूने मला वाचवलं. त्या दिवसापासून माझ्या कागदावरची उभी रेघ नावापुरती राहिली. जो येईल त्याला मी गुलाबीच सांगू लागलो.

त्यानंतरच्या जुलैत कामरगावचे राऊत गुरुजी आले. शांत, सडपातळ, दोन बोटं गळपट्टीत घालून बोलायची सवय. बरोबर त्यांच्या पत्नी सुंदराबाई होत्या. फार्म भरायला सहसा बायका येत नसत, पण या आल्या आणि गुरुजींच्या शेजारच्या खुर्चीवर सरळ बसल्या. त्यांच्या घरचा भाजीपाल्याचा मळा होता. गुरुजी शाळेत असले तरी वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सगळं बाईच पाहत. मी नेहमीप्रमाणे रेघ मारली आणि गुलाबीची बाजू भरत गेलो. गुरुजी मान हलवत होते. बाईंनी मधेच विचारलं, "दवाखाना कुठचा म्हंता?"

"अकोल्याचा. मोठे डॉक्टर आहेत तिथे."

"आमाले अमरावती बरी पडते ना जी. आमचा माल बी तिकडंच जाते."

त्या वेळी खोलीत आणखी तिघे-चौघे शिक्षक बसले होते. मी हसलो आणि म्हणालो, "बाई, वांगी अमरावतीला पाठवा, दुखणं तेवढं अकोल्याला आणा." सगळे हसले. गुरुजीही हसले. बाई हसल्या नाहीत, पण पुढे काही बोलल्याही नाहीत. गुरुजींनी सही केली, बाईंनी अंगठा दिला. माझं ते वाक्य मला इतकं आवडलं, की मी नंतर दोन-तीन ठिकाणी ते ऐकवलं.

त्या एका प्रश्नात मला कळायला हवं होतं ते सगळं होतं. कामरगाव आमच्या जिल्ह्यात असलं तरी जिल्ह्याच्या काठावर आहे. तिथल्या माणसाचा बाजार, सोयरे, पोरांचं कॉलेज, सगळं अमरावतीकडे. बस थेट. अकोल्याला जायचं तर आधी मूर्तिजापूर आणि तिथे गाडी बदलायची. मी वाशीममध्ये बसून बिलांची तुलना केली. वाटेची केलीच नाही.

दीड वर्षाने सुंदराबाईंच्या मृत्यूचा दाखला आणि दवाखान्याची कागदपत्रं टपालाने आली. यादीतलाच दवाखाना, भरतीची चिठ्ठी, बिलं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सगळं क्रमाने लावून टाचणी टोचलेलं. शिक्षकाचं काम ते. माझ्या नोकरीत इतकी निर्दोष फाईल क्वचितच आली असेल. संचालकांनी एका बैठकीत ती मंजूर केली.

पैसे घ्यायला राऊत गुरुजी स्वतः आले. मी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली. मग विचारलं, "एकाएकी कसं काय झालं?"

"सकाळपासून पोट दुखून राह्यलं होतं बुढीचं," ते सांगू लागले. "आमच्या गावच्या डाक्टरनं पायलं. म्हणे, आतड्याले पीळ बसला दिसते, मोठ्या दवाखान्यात न्या, येळ लावू नका. बैलबंडीत टाकून ष्टांडावर आणलं. अमरावतीची गाडी लागलीच होती."

"अमरावतीची?"

"हो जी. कंडक्टर माह्याच हाताखाली शिकलेला. म्हणे, या गुरुजी, बाईले मांगच्या शीटवर झोपवा. बुढी बी म्हणे, इच्यातच बसू. म्या म्हटलं नाई. आपला फार्म अकोल्याचा हाय. वानखडेबाबूनं सांगतलं तसंच कराचं."

त्यांनी गळपट्टीत बोटं घातली आणि पुढे सांगितलं.

"मूर्तिजापूरची गाडी दीड घंट्यानं आली. तिथं उतरलो तं अकोल्याची नुकतीच निघून गेलती. दुसरी येईपर्यंत ष्टांडावरच्या फरशीवर पडून होती बुढी. पाणी मागे. डाक्टरनं पाणी देऊ नका म्हटलं होतं, म्हणून म्या देल्लं नाई. अकोल्याले पोचलो तवा दिवस कलला होता. त्यायनं लगेच टेबलावर घेतलं, पन म्हणे लय उशीर झाला. तिसऱ्या दिवशी गेली."

मग गुरुजी उठले आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "पन बाबू, तुमचे लय उपकार हायेत. तुमी सांगतल्यापरमानं सगळं केलं, तं एक कागद वापस नाई आला. तुमच्यासारखा मानूस मले कचेरीत दुसरा नाई भेटला."

आणि मी म्हणालो, "बरं केलं गुरुजी, यादीतल्याच दवाखान्यात नेलं ते."

हे वाक्य मी बोललो. त्या माणसापुढे, त्या क्षणी. आज ते लिहितानाही मला लाज वाटते. गुरुजी मान हलवून निघून गेले. मी खिडकीतून त्यांना एस.टी.कडे चालत जाताना पाहिलं आणि परत येऊन दुसऱ्या कोणाचा तरी फार्म भरायला बसलो.

त्यानंतर मी काम बदललं. पाठकोऱ्या कागदावर रेघ मारण्याआधी मी प्रत्येकाला विचारू लागलो, की तुमच्या गावाहून पहिली बस कुठे जाते? दुखणं आलं की तुमच्याकडचे लोक कुठे धावतात? लोकांना वाटायचं, बाबू इकडच्या-तिकडच्या गप्पा मारतोय. कोणी हिंगोली सांगायचा, कोणी पुसद, कोणी यवतमाळ. जिल्ह्याच्या काठावर राहणारा माणूस जवळजवळ नेहमीच दुसऱ्या जिल्ह्याच्या दवाखान्यात जात होता, आणि आम्ही त्याला गुलाबी कागद देऊन उलट दिशेला पाठवत होतो. मी गावांची एक यादी केली, प्रत्येक गावापुढे बसची वाट लिहिली आणि ती संचालकांपुढे ठेवली. जिल्ह्याबाहेरच्या दवाखान्यांची बिलं तपासणार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. तो खोटा नव्हता. बैठकांमागून बैठका झाल्या. मी लेखनिक असून फार बोलतो, अशी तक्रारही झाली. शेवटी जवळपास दोन वर्षांनी शेजारच्या जिल्ह्यांतले दवाखाने यादीत आले आणि नवे गुलाबी फार्म छापले गेले.

जुन्या सभासदांना नवे फार्म टपालाने जायचे होते. कामरगावचा मी स्वतः घेऊन गेलो.

राऊत गुरुजी मळ्यातच होते. थकले होते. वांग्यांच्या सरीत पाणी सोडून बांधावर बसले होते. मला पाहून आनंदाने उठले, सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि बांधावर माझ्यासाठी गोणपाट अंथरलं. मी फार्म काढला, नवीन नियम वाचून दाखवला. आता अमरावतीचा दवाखानाही चालेल, म्हणालो.

त्यांनी कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"अमरावती," ते म्हणाले. एवढंच.

मग मी सांगितलं. मनात कितीतरी वेळा जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. म्हणालो, "गुरुजी, चूक माझी होती. बाईंनी मले तवाच अमरावतीचं सांगतलं होतं. म्या हसण्यावारी नेलं. तुमच्यासाठी पांढराच फार्म बरा होता. म्या गुलाबी देल्ला."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरीतल्या पाण्याकडे पाहत होते. पाणी टोकाला पोचलं होतं आणि बांध फोडून बाहेर चाललं होतं, तरी ते उठले नाहीत.

"तुमाले हे कवा समजलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी पैसे घ्यायले आल्ते, तवाच. तुमी बसचं सांगतलं, तवा."

"दोन वर्सं झाली त्याले."

"हो."

"दोन वर्सं," ते हळू म्हणाले. "बाबू, दोन वर्सं मी रोज त्या ष्टांडावर उभा राहतो. बुढी म्हंते, इच्यातच बसू, आन मी नाई म्हंतो. पोराले सांगतलं नाई. सुनेले सांगतलं नाई. लोक म्हंतात, गुरुजी, तिची तेवढीच होती. मले मालूम होतं ना, म्याच मारली तिले. पाणी बी नाई देल्लं." त्यांचा आवाज फुटला नाही, तो तसाच कोरडा राहिला. "तुमी त्या दिवशी एक शब्द बोलले असते, तं मी तुमाले शिव्या देल्ल्या असत्या. दोन-चार दिवस तुमच्यावर चिडलो असतो. पन मंग मले झोप लागली असती."

सून चहा घेऊन आली. आमची तोंडं पाहून कप बांधावर ठेवले आणि परत गेली.

बाई गेल्या त्यात माझी चूक होती, ती मला ठाऊकच होती. पण ती सांगायला दोन वर्षं लावली, त्याची किंमत कोण भरतोय, हे मला त्या बांधावर बसेपर्यंत कळलं नव्हतं. नियम बदलून घेतला म्हणजे फेड झाली, असं मी धरून चाललो होतो.

"काहून गप बसले तवा?" गुरुजींनी विचारलं. आता ते माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला विचारावं, तसं. "नोकरी गेली असती म्हणून?"

मी हो म्हणू शकलो असतो. ते त्यांनी समजून घेतलं असतं. लेकराबाळांचा माणूस, घाबरला असेल, म्हणून सोडून दिलं असतं.

"नाई गुरुजी," मी म्हणालो. "तुमी माहे हात धरून मले चांगला मानूस म्हणून राह्यले होते. म्हणून."